बसल ते हॉबल : उत्तर व्हिक्टोरियन व एडवर्डियन काळातील स्त्रीवेश

प्रास्ताविक

राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि जानेवारी १९०१ मध्ये निधन पावली. तिच्यानंतर सातव्या एडवर्डची कारकीर्द १९१० पर्यंत चालली. वेशभूषेचे अभ्यासक मात्र एडवर्डियन काळाची सीमा सामान्यतः १९१४ च्या महायुद्धापर्यंत नेतात, कारण राजा बदलला म्हणून शिंप्याची कात्री बदलत नाही. प्रस्तुत लेखात १८७० ते १९१४ या काळातील इंग्लंडमधील स्त्रियांच्या पोशाखाचा परामर्श घेतला आहे. फॅशनची सूत्रे पॅरिसहून हलत असल्यामुळे फ्रान्सचा, आणि कापड, कशिदा व पिसे बाहेरून येत असल्यामुळे हिंदुस्थानचाही संदर्भ त्यात अपरिहार्यपणे येतो.

हार्डी किंवा हेन्री जेम्स शिकवताना कपड्यांची वर्णने ओलांडून पुढे जाण्याची सवय आपल्या वर्गांमध्ये सार्वत्रिक आहे. तत्कालीन वाचक तसे करीत नसे. बाहीच्या फुगीरपणावरून त्याला साल कळे, कापडाच्या पोतावरून घरचे उत्पन्न कळे आणि काळ्या क्रेपच्या रुंदीवरून मृत व्यक्तीशी असलेले नाते कळे. त्या पिढीला सहज वाचता येणारी ही लिपी आज बव्हंशी अपरिचित झाली आहे.

या काळाविषयी एक सुटसुटीत कथा रूढ आहे. व्हिक्टोरियन स्त्री कॉर्सेटमध्ये जखडलेली होती आणि विसाव्या शतकाने तिला मोकळे केले, असे ती कथा सांगते. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि हे कपडे कोणी शिवले, कोणी विकले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांना ती बगल देते.

आकृतीतील स्थित्यंतरे

१८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा सांगाडा असलेले क्रिनोलिन प्रचारात आले आणि स्त्रीच्या झग्याला घंटेचा आकार मिळाला. पुढील दशकाच्या अखेरीस हा घेर समोरून सपाट होत गेला व सगळे कापड मागे सरकले. त्या कापडाला आधार देण्यासाठी कमरेच्या मागच्या बाजूस घोड्याच्या केसांची उशी किंवा तारांची चौकट बांधली जाऊ लागली. हीच 'बसल'. १८७५ नंतर ती ओसरली आणि चिलखतासारखी घट्ट, नितंबांच्याही खाली उतरणारी चोळी आली. १८८३ च्या सुमारास बसल परतली ती अधिक टोकदार होऊन. तिच्यावर चहाचा पेला ठेवता येईल, अशी थट्टा त्या काळी होत असे. दशक संपता संपता ती कायमची गेली आणि फुगवटा खांद्यावर चढला. १८९५ मध्ये बाह्या इतक्या फुगल्या की केवळ एका बाहीला लागणाऱ्या कापडात आजचा सदरा सहज बेतता यावा. दोन-तीन वर्षांत त्याही आक्रसल्या. १९०० नंतर छाती पुढे व नितंब मागे काढणारी, इंग्रजी एस् अक्षरासारखी आकृती आली, आणि १९०८ पासून कंबर छातीखाली चढून झगा सरळ, अरुंद झाला.

चाळीस वर्षांत इतकी स्थित्यंतरे होण्यास केवळ लहर कारणीभूत नव्हती. लिंकनशायरमध्ये जन्मलेल्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थने १८५८ मध्ये ऑटो बॉबर्गच्या भागीदारीत पॅरिसच्या र्यू द ला पे या रस्त्यावर आपली पेढी थाटली. तोपर्यंत ग्राहक स्त्री कापड व कल्पना आणत असे आणि शिवणारा ती अमलात आणत असे. वर्थने हे नाते उलटे केले. नमुना तो ठरवी, जिवंत स्त्रियांच्या अंगावर तो दाखवी आणि ग्राहकाने त्यातून निवड करावी, अशी रीत त्याने पाडली. कलावंताने चित्रावर करावी तशी तो कपड्यावर नाममुद्रा लावी. हंगामागणिक नवा नमुना हवा, हा व्यवसायाचा नियमच त्यामुळे बनला.

त्याच वेळी तंत्रही बदलत होते. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला क्विनाइन बनवण्याच्या प्रयत्नात जांभळा रंग सापडला आणि डांबरापासून काढलेल्या कृत्रिम रंगांची मालिका सुरू झाली. शिवणयंत्र १८५० नंतरच्या दशकात बाजारात रुळले, तर १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक याने निरनिराळ्या मापांचे कागदी बेत विकण्यास आरंभ केला. यंत्राने वेळ वाचला, हे खरे. परंतु वाचलेला वेळ शिवणारणीच्या वाट्याला आला नाही. तो झालरी, चुण्या, गोट आणि फिती यांनी गिळला. १८७० नंतरच्या एखाद्या झग्यावरील चुण्यांची लांबी मोजली तर ती कित्येक गज भरते, आणि यंत्राशिवाय एवढी शिलाई मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलीच नसती. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने कपडा अधिक अवघड करावा, हा विरोधाभास अर्थशास्त्राच्या अध्यापकांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

कॉर्सेट : आरोप आणि पुरावा

सर्वांत आत सुती शमीज व विजार, तिच्यावर कॉर्सेट, कॉर्सेट झाकणारी पातळ चोळी, बसल व परकर आणि सर्वांत वर झगा, असे हे थर होते. कॉर्सेटला ताठपणा देण्यासाठी देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या वापरीत. त्या महागल्यावर पोलादी पट्ट्यांचा वापर वाढला. १८६० नंतरच्या दशकात खळ दिलेले कॉर्सेट वाफेने तापवलेल्या धातूच्या धडावर बसवून त्याला कायमचा आकार देण्याची प्रक्रिया आली. परिणामी कॉर्सेट गिरणी कामगार स्त्रीलाही परवडू लागले. ते केवळ श्रीमंतांचे लक्षण होते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

सतरा-अठरा इंची कमरेच्या कथा मात्र तपासून घ्याव्या लागतात. लीस्टरशायरच्या संग्रहालयात सिमिंग्टन या कॉर्सेट-उत्पादकांचा मोठा संग्रह आहे. व्हॅलेरी स्टील यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात त्यातील मापांचा विचार केला आहे. त्या संग्रहात १८ इंचांचे माप अगदी अपवादात्मक असून बहुसंख्य कॉर्सेट २० ते २६ इंचांच्या दरम्यान आहेत. शिवाय मागच्या नाड्या पूर्ण न आवळता दोन-तीन इंचांची फट ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे प्रत्यक्ष कंबर कॉर्सेटच्या मापाहून मोठीच असे. अतिरेकी आवळणीची जी वर्णने वारंवार उद्धृत होतात, त्यांतील पुष्कळशी 'इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन' या मासिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारातून आली आहेत. ती पत्रे अनुभवकथन आहेत की कल्पनारंजन, याबद्दल अभ्यासकांनी रास्त शंका घेतली आहे.

याचा अर्थ कॉर्सेट निरुपद्रवी होते असा नव्हे. त्याने श्वास उथळ होतो, बरगड्यांचा खालचा भाग आत दबतो आणि पाठीच्या स्नायूंना आधाराची सवय लागते. डॉक्टरांनी मात्र क्षयापासून कर्करोगापर्यंत यच्चयावत विकार त्याच्या माथी मारले. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या इनेस गाश-सारोत या फ्रेंच स्त्रीने १९०० च्या सुमारास पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून समोरून सरळ असलेले कॉर्सेट पुरस्कारले. आरोग्याच्या नावाने आलेला हा नमुना फॅशनच्या हाती पडताच करकचून आवळला जाऊ लागला. एडवर्डियन चित्रांतील ती पुढे झुकलेली, कमरेत मोडल्यासारखी दिसणारी आकृती त्याचाच परिणाम. स्त्रियांनी कॉर्सेट का टाकले नाही, याचे एक कारण साधे होते. कमरेवर बांधलेल्या परकरांचे व झग्याचे ओझे उघड्या कमरेला काचत असे, आणि कॉर्सेट ते ओझे वाटून घेत असे. दुसरे कारण सामाजिक होते. कॉर्सेट न घातलेल्या स्त्रीच्या चारित्र्याविषयीच शंका घेतली जाई, आणि ज्या स्त्रीची नोकरी किंवा लग्न चांगल्या नावावर अवलंबून होते तिला हा धोका पत्करणे शक्य नव्हते.

सुधारक, सायकल आणि ओकमचे उपाहारगृह

अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी १८५१ मध्ये आखूड झगा व पायघोळ विजार या वेशाचा पुरस्कार केला होता. तो उपहासात बुडाला. लंडनमध्ये १८८१ साली 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली, तिच्या अग्रभागी लेडी हार्बर्टन होत्या. शरीर विद्रूप करणारा किंवा हालचाल रोखणारा कोणताही पोशाख नको, एवढेच संस्थेचे म्हणणे होते. आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांहून अधिक असू नये, असे तिने सुचवले. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. सुधारकांनाही जी मर्यादा पुरेशी हलकी वाटली तिच्यावरून प्रत्यक्षातल्या ओझ्याचा अंदाज करता येतो.

सुधारणेची दुसरी वाट सौंदर्यवाद्यांची होती. आर्थर लिबर्टीने १८७५ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर दुकान उघडले आणि पौर्वात्य रेशीम विकण्यास प्रारंभ केला. सैल, मऊ पडणारे, फिक्या वनस्पतिजन्य रंगछटांचे हे कपडे कलावंतांच्या वर्तुळात प्रिय झाले. ऑस्कर वाइल्ड यांनीही पोशाखसुधारणेवर व्याख्याने दिली आणि १८८७ ते १८८९ या काळात 'वुमन्स वर्ल्ड' या स्त्रियांच्या मासिकाचे संपादन केले. परंतु हा वेश दिवाणखान्यापुरताच राहिला.

रस्त्यावरचा बदल सायकलने घडवला. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची दोन समान चाकांची 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉपची हवा भरलेली धाव आली, आणि नव्वदीच्या दशकात स्त्रिया सायकलवर बसल्या. लांब झगा साखळीत अडकू लागला तेव्हा फुगीर तुमान ही तत्त्वाची बाब न राहता सोयीची बाब झाली. तरीही समाजाची तयारी किती होती, हे एका खटल्यावरून दिसते. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी लेडी हार्बर्टन सायकलवेशात सरे परगण्यातील ओकम येथील 'हॉटबॉय' हॉटेलात जेवणासाठी थांबल्या. मालकीणबाईंनी त्यांना स्त्रियांच्या कॉफीकक्षात बसू देण्यास नकार दिला, मद्यपानगृहाच्या बाजूची खोली देऊ केली. लेडी हार्बर्टन निघून गेल्या. सायकलस्वारांच्या 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या संघटनेने पथिकाला अन्न नाकारल्याबद्दल मालकिणीवर फिर्याद केली आणि एप्रिल १८९९ मध्ये खटला चालला. खाणे नाकारलेच नव्हते, केवळ दुसरी खोली देऊ केली होती, हा बचाव होता. पंचांनी मालकिणीला निर्दोष ठरवले. पन्नाशी उलटलेली, उमराव घराण्यातील स्त्रीही तुमान घातल्यावर स्त्रियांच्या खोलीत बसण्यास अपात्र ठरत होती.

हिंदुस्थानी धागे

विषय इंग्लंडचा असला तरी कापडाचा माग काढला की तो वारंवार हिंदुस्थानात पोहोचतो. क्रिनोलिनच्या घेरावर मोठी काश्मिरी शाल पूर्णपणे पसरता येत असे, तिची सारी नक्षी दिसे. बसल आल्यावर मागच्या उंचवट्यामुळे शाल नीट बसेना. त्यातच १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने काश्मिरी शालीची मुख्य बाजारपेठ कोसळली. पेझ्लीच्या यंत्रमागांवरील स्वस्त नकलांनी ती आधीच पोखरली होती. पाठोपाठ १८७७ ते १८७९ चा भीषण दुष्काळ काश्मीरवर आला आणि शाल विणणाऱ्यांचा समाज उद्ध्वस्त झाला. पॅरिसमध्ये झग्याचा घेर पुढून मागे सरकणे आणि श्रीनगरमध्ये माग बंद पडणे यांत कार्यकारणाचा एक धागा निश्चित आहे, जरी तो एकमेव नाही.

उलट दिशेचे उदाहरण टसरचे. मूळचे तपकिरी, रंग न धरणारे टसर रेशीम रंगवण्याची रीत स्टॅफर्डशायरमधील लीक येथील थॉमस वॉर्डल यांनी चिकाटीने शोधली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी ते मांडले आणि लिबर्टीच्या दुकानातून ते सौंदर्यवादी स्त्रियांच्या अंगावर पोहोचले.

दिल्ली दरबारातील मयूरवेश सर्वांत प्रसिद्ध. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाप्रीत्यर्थ जानेवारी १९०३ मध्ये भरलेल्या दरबारातील नृत्यसमारंभात लेडी कर्झन यांनी तो परिधान केला. सोन्याचांदीच्या तारांचे जरदोजी काम हिंदुस्थानी कारागिरांनी केले, कशिदा केलेले तुकडे पॅरिसला वर्थच्या पेढीकडे गेले आणि तेथे त्यांचा झगा झाला. मोरपिसांच्या प्रत्येक डोळ्यात भुंग्याचे चकचकीत हिरवे पंख टाकले होते, दिव्यांच्या उजेडात पाचूंचा भास होई. सुमारे दहा पौंड वजनाचा हा पोशाख आज इंग्लंडमधील केडल्स्टन हॉलमध्ये जतन केलेला आहे. नाव वर्थचे झाले, दिल्लीच्या सुया निनावी राहिल्या. कलाइतिहासात हा प्रकार नवा नाही, तरी या पोशाखावर लिहिताना 'वर्थची निर्मिती' एवढेच म्हणून थांबणे अपुरे आहे.

मराठी वाचकाला या काळाशी जोडणारा दुवा आनंदीबाई जोशी यांचा. त्या १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. हीच दुसऱ्या बसलची वर्षे होत. तेथील कडाक्याच्या थंडीत पोटऱ्या उघड्या टाकणारे नऊवारी लुगडे गैरसोयीचे ठरल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसणे पसंत केले. झगा स्वीकारला नाही. कोणता वेश शरीराला सोसतो आणि कोणता मनाला, हा प्रश्न पाश्चात्त्य सुधारक ज्या वर्षांत चर्चित होते, त्याच वर्षांत एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मराठी मुलीने तो आपल्यापुरता सोडवला, ही गोष्ट आपल्याकडील स्त्री-अभ्यासात अधिक ठळकपणे यावयास हवी.

पिसांचा हिशेब

एडवर्डियन टोपीचा परीघ खांद्यांशी स्पर्धा करू लागला आणि तिच्यावर पिसे, पंख, प्रसंगी अख्खे पक्षी बसले. बगळ्याची शुभ्र तुरेदार पिसे सर्वांत मोलाची, पण ती केवळ विणीच्या हंगामात उगवतात. म्हणून पक्षी घरट्यावरच मारले जात आणि पिले उपाशी मरत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी १९१३ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार १९०२ साली लंडनच्या लिलावात अशा पिसांचे १,६०८ गठ्ठे विकले गेले. गठ्ठ्यास सुमारे ३० औंस, औंसाला सुमारे चार पक्षी, म्हणजे एका वर्षात, एका शहरात १,९२,९६० बगळे.

याविरुद्ध पहिली संघटित चळवळ स्त्रियांनीच उभी केली. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी पक्षिरक्षणाची संस्था काढली. सभासद होणाऱ्या स्त्रीने पिसे न वापरण्याची प्रतिज्ञा करावयाची होती. क्रॉयडन येथील स्त्रियांच्या अशाच गटाशी ती पुढे एकरूप झाली आणि १९०४ मध्ये तिला राजसनद मिळाली. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्येच पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा व्हायला मात्र १९२१ उजाडावे लागले. फॅशनच्या आहारी गेलेली निर्दय स्त्री हे चित्र तत्कालीन पुरुष लेखकांना फार आवडे. पिसांच्या व्यापाऱ्यांचे चित्र रेखाटण्यात त्यांनी तेवढा रस घेतला नाही.

शर्टवेस्ट, हक्काचे रंग आणि आखडलेले पाऊल

या संपूर्ण काळात सर्वांत दूरगामी कपडा कोणता, असे विचारले तर उत्तर बसल किंवा मयूरवेश असे न देता शर्टवेस्ट असेच द्यावे लागेल. पुरुषी सदऱ्याच्या धर्तीवर समोरून बटणे असलेला हा साधा ब्लाउज गडद झग्यावर घालीत. टंकलेखिका, शिक्षिका, दुकानातील विक्रेत्या, विद्यार्थिनी या सर्वांचा तो वेश बनला. तो मापे न घेता तयार मिळे, धुता येई, आणि दासीच्या मदतीशिवाय घालता येई. पगार मिळवणारी स्त्री त्यात प्रथम दिसू लागली.

हा स्वस्तपणा कोठून येत होता, याचे उत्तर लंडनमध्ये १९०६ च्या 'स्वेटेड इंडस्ट्रीज' प्रदर्शनाने दिले. घरोघरी तुकड्यांवर शिवणाऱ्या स्त्रिया तेथे प्रेक्षकांसमोर बसवून त्यांच्या मजुरीचे दर मांडण्यात आले होते. १९०९ च्या ट्रेड बोर्ड्स कायद्याने चार धंद्यांत किमान वेतनाची तरतूद केली, त्यांत तयार कपड्यांची शिलाई होती. न्यूयॉर्कमध्ये त्याच वर्षी शर्टवेस्ट शिवणाऱ्या हजारो मुलींनी संप केला. २५ मार्च १९११ रोजी तेथील ट्रँगल कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मरण पावले, त्यांतील बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या. ज्या कपड्याने कचेरीतील स्त्रीला मोकळा हात दिला, तो शिवणारीला दाराबाहेर पडता आले नाही.

मताधिकारवादी स्त्रियांनी पोशाखाचा विचार निराळ्या रीतीने केला. ब्लूमर व हार्बर्टन यांची झालेली टवाळी त्यांच्यासमोर होती. म्हणून पँकहर्स्ट यांच्या संघटनेने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा व हिरवा हे रंग स्वीकारले आणि सभासदांनी मिरवणुकीत नीटनेटक्या, प्रचलित धर्तीच्या वेशातच यावे असा आग्रह धरला. दुकानदारांनी या रंगांच्या फिती, टोप्या व हातमोजे विक्रीस ठेवले. वेश जुना ठेवून मागणी नवी करण्याची ही नीती सुधारकांच्या नीतीहून अधिक परिणामकारक ठरली, असे म्हणण्यास आधार आहे.

याच सुमारास पॅरिसमध्ये पॉल प्वारे याने कमरेचे कॉर्सेट हद्दपार केल्याची द्वाही फिरवली. वस्तुतः १९०८ नंतर कॉर्सेट गेले नाही, ते खाली सरकून नितंब व मांड्या आवळू लागले. १९१० मध्ये त्याच्या नावाशी जोडलेला 'हॉबल' झगा आला. तो घोट्याजवळ इतका अरुंद होता की जेमतेम वीतभर पाऊल पडे. छाती मोकळी करून आपण पाय बांधले, हे प्वारेने पुढे आत्मचरित्रात स्वतःच मिस्कीलपणे कबूल केले. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्राम कंपनीने या झग्यातील स्त्रियांना चढता यावे म्हणून जमिनीलगत पायरी असलेले डबे रस्त्यावर आणले. दोन वर्षांनी युद्ध सुरू झाले. प्वारे सैन्याचे गणवेश बेतण्याच्या कामावर रुजू झाला, १९१५ मध्ये झगे पुन्हा घेरदार होऊन घोट्याच्या वर चढले, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या इंग्लिश स्त्रियांना सरकारी खर्चाने तुमानी देण्यात आल्या. त्या घालून खाणावळीत बसण्यास त्यांना कोणी मज्जाव केला नाही.